गावाअलीकडचा अर्धा मैल

कांबळे सरांच्या वर्गातल्या कपाटात एक छडी होती. तिच्यावर कोळ्यानं जाळं विणलेलं होतं. आष्ट्याच्या शाळेत मी नोकरीला लागलो त्या पहिल्याच आठवड्यात खडू घ्यायला मी ते कपाट उघडलं आणि छडी बाजूला करायला हात घातला. सर मागून शांतपणे म्हणाले, "राहू द्या शिंदे. तिथं एक कुटुंब राहतंय."

तेव्हा सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. छडीशिवाय गणित शिकवता येतं यावर आमच्या भागात कुणाचा विश्वास नव्हता. पालकच येऊन सांगत, "मास्तर, हाडं आमची, कातडं तुमचं." अशा काळात सरांचा वर्ग शांत असायचा आणि पोरांना त्रैराशिक येत असायचं. मला याचं मोठं कोडं वाटे. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. वडिलांनी कोरेगाव तालुक्यातल्या चार एकरांवर मला बी.ए. केलं होतं. वर्गात उभं राहिलं की माझ्या घशाला कोरड पडे आणि ती लपवायला मी पोरांवर ओरडत असे. सर माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, अंगानं सडपातळ, रंगानं काळेसावळे. पावणेअकराला ते शिक्षकांच्या खोलीत येत तेव्हा त्यांच्याकडं बघून वाटे, या माणसाचा दिवस आत्ता सुरू झालेला नाही; त्यातला चांगला भाग केव्हाच पदरात पडलाय.

तसंच होतं ते. पहाटे ते सहा-सात मैल पळून आलेले असत.

आता माणसं सकाळी पळतात, त्याचं कुणाला नवल वाटत नाही. त्या वेळी पळायची ती पोलीस भरतीची किंवा पलटणीत जाणारी पोरं. चाळिशी ओलांडलेला, दोन मुलींचा बाप असलेला मास्तर खाकी अर्धी चड्डी घालून सांगली रस्त्यानं पळतोय, ही गोष्ट आष्ट्यात पचायला जड होती. आमचे चित्रकलेचे माने सर रोज विचारत, "काय कांबळे, आज कुणाचं कुत्रं मागं लागलं होतं?"

"लागलं होतं. दोन मैलांत बसलं बिचारं."

"आन् तुमी?"

"मी त्याला राम राम करून पुढं गेलो."

त्यांच्या पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट असत. तळ झिजला की ते बाजारातल्या चांभाराकडून त्याला टायरचा तुकडा शिवून घेत. चड्डीच्या खिशात मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. घड्याळ नाही. अंतर मोजायचं ते रस्त्याखालच्या मोऱ्या, विहिरी आणि उसाच्या फडांवरून. किती पळालात विचारलं की सांगत, "तिसऱ्या मोरीपर्यंत." एकच वाक्य ते पुन्हा पुन्हा बोलत, "पहिला मैल खोटं बोलतो, शिंदे. तो सांगतो, आज जमणार नाही. त्याचं ऐकायचं नाही. दुसरा मैल खरं बोलतो."

पळायला कशी सुरुवात केली हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. आष्ट्याला येण्याआधी ते आटपाडीला शिक्षक होते. तेव्हा त्यांचा राग प्रसिद्ध होता. एका पोरानं पाढा चुकवला म्हणून त्यांनी त्याच्या कानाखाली मारली. पोरगं बसलं आणि बराच वेळ उठलंच नाही. पुढं ते बरं झालं, पण त्या संध्याकाळी सरांना घरात बसवेना. ते माळावर गेले. आधी चालत होते, मग भराभर चालू लागले, मग कधी पळायला लागले ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. छातीत कळ येईपर्यंत पळाले आणि एका बांधावर कोसळले. घरी येऊन झोपले ते सकाळपर्यंत.

"कित्येक वर्षांत तशी झोप लागली नव्हती," ते म्हणाले. "सकाळी उठून पोराच्या घरी गेलो. त्याच्या आईपुढं हात जोडले. आदल्या दिवशी मला ते जमलं नसतं. तेव्हापासून पळतोय. माझ्या अंगात जो कुणी मारायला उठतो ना, त्याला मी रोज पहाटे दमवून आणतो. मग शाळेत येतो तो गरीब होऊन."

"एवढंच?"

ते हसले. "एवढंच कसं? तंबाखू सुटली. पाय गरम असतात, पोट साफ असतं. अडलेलं गणित चौथ्या मोरीपाशी सुटतं. आणि दिवसभर मी कुणाचा तरी असतो. शाळेचा असतो, घरचा असतो, साहेब आले की साहेबांचा. पहाटेचा तास तेवढा माझा. तेव्हा मला कुणी कुठं पाठवलेलं नसतं."

या शेवटच्या वाक्याचं वजन मला तेव्हा कळलं नाही.

त्यांनी मलाही पळायला नेलं. दुसऱ्या मोरीला मी उसाच्या कडेला ओकलो. सर म्हणाले, "छान. उद्या तिसऱ्या मोरीला ओका." दोन महिन्यांत मी चार मैल पळू लागलो. माझ्या घशाची कोरड कधी गेली ते सांगता येणार नाही, पण पंचाण्णवाव्या किंवा शंभराव्या दिवशी केव्हातरी ध्यानात आलं की मी पोरांवर ओरडत नाही. सरांचे माझ्यावर पुष्कळ उपकार आहेत. त्यातला हा पहिला.

सरांचं गाव आष्ट्याहून नऊ मैलांवर होतं. तिथं त्यांचे वडील एकटेच राहत. सर त्यांना आबा म्हणत. दर रविवारी सर एस.टी.नं आबांना भेटायला जात. एका रविवारी त्यांच्या मनात आलं, गावापर्यंत पळतच जावं. त्यांचे कपडे पिशवीत घालून मी सायकलवरून सोबत निघालो. इतकं लांब त्यांनी कधी पळून पाहिलं नव्हतं. पण आठवा मैल उलटला तरी त्यांची चाल बिघडली नाही. सकाळचं कोवळं ऊन, दोन्हीकडं ऊस, आणि मध्ये त्या बुटांचा एकसारखा आवाज. माणूस इतका हलका होऊ शकतो हे मी डोळ्यांनी बघत होतो.

गावाअलीकडं पाटाचा पूल होता. तिथून गाव अर्धा मैल. पूल ओलांडला तशा रानातल्या बायका कामं टाकून बांधावर आल्या. एकीनं हाक मारली, "आवं, कोण गेलं?" सरांना ऐकू गेलं नसावं. गावात शिरलो. पारावरची म्हातारी माणसं उठून उभी राहिली. एकानं मुंडासं डोक्यावरून काढून हातात घेतलं. समोरच्या मोठ्या घरातली म्हातारी उंबऱ्याबाहेर आली. तिची लेक बाळंतपणात अडून कराडच्या दवाखान्यात होती, हे आम्हाला मागाहून कळलं.

"कराडचा सांगावा हाय का रं?" तिनं विचारलं.

सर पारापाशी थांबले होते. नऊ मैलांची धाप लागलेली. गुडघ्यांवर हात, मान खाली. बोलायला तोंडात श्वासच नव्हता. तसं काही नाही, असं सांगायला त्यांनी एक हात वर करून नुसता हलवला.

धापा टाकणाऱ्या माणसानं मान खाली घालून असा हात हलवला की गावाला त्याचा एकच अर्थ कळतो. म्हातारीनं हंबरडा फोडला. घरातल्या सुना धावत आल्या, शेजारच्या आल्या, पाहता पाहता सबंध आळी रडू लागली. मी सायकल टाकून ओरडलो, "कुणी गेलं नाही! सर व्यायाम करतायत!"

रडणं अर्ध्यावर थांबलं. मुंडासं काढलेला म्हातारा पुढं आला. "व्यायाम? मग तालमीत कर की गड्या! रस्त्यानं पळून जित्ती मानसं कशापायी मारतूस?" मग त्यानं सरांकडं निरखून पाहिलं. "गणूचा ल्योक न्हवं व्हय तू? तरीच. पळायची तऱ्हा तीच हाय."

त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, उलट जुनं माणूस ओळखू आल्याचा आनंद होता. पण सरांचा चेहरा उतरला.

गणू म्हणजे आबा. त्यांनी आणि महारवाड्यातल्या त्यांच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या गावकीची कामं केली होती. गावात मयत झालं की घुंगराची काठी घेऊन पाहुण्यांच्या गावी पळत जाऊन ती बातमी पोचवायची, हे त्यातलं एक. ऊन असो, पाऊस असो, सांगितलं की निघायचं. छप्पन साली वाडा बौद्ध झाला आणि हे काम सुटलं. पण गावाच्या डोळ्यांना सवय तीच होती. त्या वाड्यातला माणूस रस्त्यानं पळत आला म्हणजे कुणीतरी मेलं.

आम्ही घरी पोचलो तोवर आमच्याआधी बातमी पोचली होती. आबा भिंतीला पाठ टेकून बसले होते. सत्तरीचा, वाळक्या लाकडासारखा माणूस. त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही.

"पळत आलास?"

"व्हय, आबा."

"कुनी धाडलं हुतं?"

"कुनी न्हाई. माझा मीच."

"ते गावाला काय ठावं?" आबांचा आवाज चढला नाही. "छप्पन साली घुंगराची काठी मी चुलीत घातली. लोखंड जळंना, ते हिरीत टाकलं. कशापायी? तर माझ्या पोरानं ह्या रस्त्यानं पळू ने. तू शिकलास. मास्तर झालास. आन् आज गावानं तुला वळखलं ते कशावरनं? पळन्यावरनं."

सर उभेच होते. अंगावरचा घाम सुकत चालला होता.

"तीस वरसं पळालो मी. एक पाऊल माझ्यासाठी न्हवतं त्यातलं. येस्टीनं ये. सायकलीवर ये. पळत यायचं न्हाई."

"बरं," सर म्हणाले.

परतताना मला आमचं घर आठवत होतं. आमच्या दारातही असे सांगावे घेऊन आलेली माणसं मी लहानपणी पाहिली होती. आमच्या घरातली बाई त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायची. ते उभ्यानं पीत आणि तसेच माघारी वळत. ते किती मैलांवरून आले, असा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

सरांनी शब्द पाळला, पण आपल्या पद्धतीनं. त्यांनी गावाला पळत जाणं सोडलं नाही. दर रविवारी साडेआठ मैल पळायचं आणि पाटाच्या पुलावर थांबायचं. पाटात हातपाय धुवायचे, माझ्या पिशवीतली पँट चढवायची, सदऱ्याची गळ्यापर्यंत बटणं लावायची, केस विंचरायचे आणि उरलेला अर्धा मैल चालत जायचा. दोन वर्षं हे असं चाललं. एकदा मी चिडून म्हणालो, "सर, तुम्ही काय गुन्हा केलाय?"

"गुन्हा नाही. पण आबांचंही चूक नाही," ते बूट पिशवीत ठेवत म्हणाले. "त्यांना पळण्यात जे मिळालं ते त्यांनी सांगितलं. मला जे मिळतं ते मला त्यांना दाखवता येत नाही, एवढंच. त्यांनी एकदा म्हणावं, ये पळत. दुसरं मला काही नको. तोवर हा अर्धा मैल सगळ्यात लांब, शिंदे."

त्यानंतरच्या हिवाळ्यात साताऱ्याच्या काही तालीमवाल्यांनी लांब पल्ल्याची शर्यत ठेवली. साताऱ्यातून निघायचं, माहुलीचा पूल ओलांडून कोरेगावच्या रस्त्यानं सहा मैल जायचं आणि परत फिरायचं. तो रस्ता माझ्या गावावरून जात होता. सरांनी नाव दिलं. मी त्यांना न सांगता आबांकडं गेलो आणि म्हणालो, "आबा, माझं गाव बघायला चला."

"मास्तर, तुमी मला शेंबडं पोर समजू नगा. पळतोय व्हय तिथं त्यो?"

"पळतायत."

"कुनाच्या मागनं?"

"पलटणीतली माणसं आहेत. पाटलांची पोरं आहेत. सगळेच पळणार."

"पाटलाची पोरं पळनार?" आबांनी पागोट्याला हात घातला. "चला. ह्ये बघायलाच पायजे."

आमच्या वस्तीपाशी रस्त्याच्या कडेला तालीमवाल्यांनी पाण्याची सोय करायला सांगितलं होतं. आईनं दोन घागरी आणि पितळी पेले मांडले होते. आबांना पाहून तिनं विचारलं, "पावनं कुठलं म्हनायचं?"

"आष्ट्याकडचं," आबा म्हणाले. मग तिच्याकडं सरळ बघत, "बौद्ध हाय आमी."

आईचा हात घागरीवर थांबला. किती वेळ गेला कोण जाणे, बहुधा दोन-तीन श्वासांचाच असेल. मग तिनं पेला भरला आणि तो आबांच्या हातात दिला. आबांनी पेला दोन्ही हातांत धरला आणि पाणी प्यायच्या आधी थोडा वेळ त्यात बघत राहिले.

तेवढ्यात धावणारे दिसू लागले. पहिले दोघे पलटणीतले होते, ते पाण्याकडं न बघता गेले. मागून आलेल्यांना आई पेला भरून देऊ लागली आणि तिथंच घोटाळा झाला. शर्यत काय असते हे तिला माहीत नव्हतं, पण उभ्यानं पाणी पिऊ नये हे पक्कं माहीत होतं.

"आवं, बसा की! बसून प्या! काय म्हसरं हायसा का उभ्यानं प्यायला?"

पोरं हसत, दोन घोट घेत, उरलेलं डोक्यावर ओतत आणि पळत. आई चिडली. "ह्यास्नी आयांनी काय शिकवलं का न्हाई?"

सर आले. चौदावे किंवा पंधरावे असतील. आबा बाभळीच्या बुंध्याशी बसले होते, सरांना ते दिसले नाहीत. आईनं पेला पुढं केला आणि रागावूनच म्हणाली, "तुमी तरी बसा!"

आणि सर बसले. भर शर्यतीत, रस्त्याच्या कडेला, उकिडवे. पेला तोंडाला लावून सगळं पाणी सावकाश प्याले. त्यांच्या शेजारून एक गेला, दोन गेले, मग आणखी दोघं गेले. सरांनी रिकामा पेला उठून आईच्या हातात दिला, "बरं वाटलं, आक्का," म्हणाले आणि पुन्हा धावू लागले.

"ह्याला म्हनायचं वळन," आई म्हणाली. "कुनाचा हो ह्यो?"

"माझा," आबा म्हणाले.

सर वळणाआड जाईपर्यंत आबा बघत राहिले. मग माझ्याकडं न बघता बोलू लागले, "पाच जन म्होरं गेलं त्येच्या. पानी प्यायला बसला शर्यतीत." हातातला पेला त्यांनी खाली ठेवला. "मास्तर, तीस वरसांत पानी लोकांनी मलाबी दिलं. न्हाई म्हनत न्हाई. पन बस म्हनून कुनी म्हनलं न्हाई."

आई पुढच्या पोरासाठी पेला भरत होती.

"आन् त्यो टाच आदी टेकवतोय," आबा एकदम तापून म्हणाले. "गुडघं जातील न्हवं का अशानं! चवडा आदी टेकाय पायजे. तोंड मिटून नाकानं दम घ्याय पायजे. शाळा शिकलाय एवढी, पळाय कुनी शिकवलं न्हाई त्येला."

सर एकोणिसावे आले. सांगताना त्यांना त्याचा आनंदच झालेला होता. आबा तिथं होते हे मी त्यांना सांगितलं नाही. आबांनी मला तशी ताकीद दिली होती.

मला त्या सुमारास आमच्या गावाजवळच्या शाळेत नोकरी मिळाली. आष्टा सोडण्याआधीचा शेवटचा रविवार. नेहमीसारखा मी पिशवी घेऊन सायकलवर, सर पुढं. पाटाच्या पुलावर आलो तर कठड्याला टेकून आबा उभे. सर दचकून थांबले आणि सवयीनं त्यांनी पँटसाठी माझ्याकडं हात केला.

"कापडं ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "घाम आत जिरला की अंग धरतं."

"मग?"

"मग काय? ऱ्हायलंय तेवढं पळ." सर हललेच नाहीत, तसे आबा खेकसले, "बघतूस काय? आन् टाच आदी टेकवू नगंस. ह्ये बघ, अशी."

म्हाताऱ्यानं धोतराचा सोगा खोचला, काठी माझ्या हँडलला अडकवली आणि ते अनवाणी पळू लागले. सत्तरीच्या पुढचा माणूस. मी ती पावलं कधी विसरणार नाही. त्यांचा आवाज होत नव्हता. धुरळा उडत नव्हता. खांदे सैल, तोंड मिटलेलं, पाय जमिनीला नुसते लागत होते आणि सुटत होते. सरांचं पळणं मला इतकी वर्षं थोर वाटत आलं होतं. त्या दिवशी कळलं, ते आलं कुठून. सर शेजारी धावत होते आणि वडिलांच्या पायांकडं खाली बघत होते, पोरानं पहिल्यांदा पाटी बघावी तसे.

पंधरा-वीस पावलं झाली आणि आबा थांबले. सरही थांबले.

"तू का थांबलास?" आबांना धाप लागली होती. "काय बातमी पोचवायची हाय व्हय? जा. निवांत पळ."

सर निघाले. रानातल्या बायका बांधावर आल्या, पारावरची माणसं उठताना लांबून दिसली. सर तसेच मधून गेले, चवड्यावर, तोंड मिटून. आबा माझ्या सायकलीचं सीट धरून उभे होते आणि सर दिसेनासे होईपर्यंत प्रत्येक पावलाला मान हलवत होते.